राक्षसिणीचा एकशे सतरावा डायलॉग

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचते. घाटात लिफ्ट मागणारी बाई, उलटे पाय, पिंपळावरची पांढरी साडी... जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मैत्रिणींना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि खिदळायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. आमच्या घरात कधी कुणाला काही 'लागलं' नाही, कुणी कुणावरून लिंबू ओवाळून टाकलं नाही. त्यात माझी नोकरी बियाण्यांच्या कंपनीत, लॅबमध्ये. ओल्या कागदात बिया गुंडाळून ठेवायच्या, ठरलेल्या दिवशी कागद उघडायचा आणि बघायचं. उगवलं ते उगवलं, नाही ते नाही. या कामात विश्वास ठेवण्या-न ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

तरी लिहायला बसले आहे. यात पिंपळ नाही, पांढरी साडी नाही, रात्रसुद्धा नाही. मे महिन्यातली दुपारी सव्वातीनची गोष्ट, कूलर चालू होता, आणि जे काही घडलं ते एका विनोदी कॉम्प्युटर गेममध्ये घडलं. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

मी वर्षा. वय चौतीस, लग्न झालेलं नाही — तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलणारे नातेवाईक पुष्कळ आहेत. आम्ही बदनापूरला राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. दोन खोल्या, स्वैपाकघर, पुढे पत्र्याची शेड. वडील, म्हणजे अण्णा, संशोधन केंद्रावर तुरीच्या प्लॉटवर नोकरीला होते, आता रिटायर आहेत. आई घर सांभाळायची. मी एकुलती एक. रोज सकाळी स्कूटीवर जालना एमआयडीसीत जायचं, संध्याकाळी केसांत रोलिंग मिलचा धूर घेऊन परत यायचं, असं माझं आयुष्य.

मला वेड एकच, पॉइंट अँड क्लिक गेमचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर एक चित्र असतं, त्यात तुमचा माणूस उभा असतो. कशावरही माउसनं टिचकी मारली की तो तिथं जातो आणि त्या वस्तूबद्दल काहीतरी बोलतो. वस्तू उचलून पिशवीत टाकायच्या, एकीचा उपयोग दुसरीवर करायचा, लोकांशी गप्पा मारायच्या, आणि अडलेली वाट सोडवायची. गोळ्या झाडायच्या नाहीत की पळापळ नाही. शाळेत असताना जालन्याच्या एका कॅफेत मी असा एक इंग्रजी गेम डिक्शनरी मांडीवर घेऊन खेळले आणि तेव्हापासून डोक्यात होतं, की असा एक आपल्या भाषेत करायचा.

चार वर्षं खपून केला. नाव 'राजाची झोप सांडली'. फुसकेबुवा नावाचा एक मांत्रिक असतो, त्याचा एकही मंत्र धड लागू पडत नाही. तो राजाची उचकी काढायला जातो आणि चुकून झोपच काढून ठेवतो. ती त्याच्या हातातून सांडते आणि घरंगळत एका विहिरीत जाऊन पडते. राजा टक्क जागा, प्रजा हैराण. ती झोप परत आणायला फुसकेबुवा निघतो. त्याच्या पिशवीत एक चप्पल असते; तिच्यावर टिचकी मारली की तो म्हणतो, "एकच आहे. दुसरी देवळात गेली, अजून आली नाही." एका म्हशीला चष्मा द्यावा लागतो, कारण गावात मंत्राची पोथी वाचता येणारी तेवढी एकटीच असते. असला सगळा येडेपणा. चित्रं माझी पुण्याची मैत्रीण मानसी हिनं काढली, बाकी सगळं मी केलं.

तर त्या विहिरीच्या तोंडावर पाठ टेकून एक अवाढव्य राक्षस घोरत पडलेला असतो. तो उठल्याशिवाय विहीर उघडत नाही. हा राक्षस मी अण्णांवरून घेतला होता. आमचे अण्णा सहा फूट उंच, अंगानं भरभक्कम, आणि दुपारची त्यांची झोप आमच्या गल्लीत प्रसिद्ध. जेवण झालं की दोनला आडवे व्हायचे आणि चारपर्यंत घोरण्यानं शेडचा पत्रा हलायचा. शेजारून वरात गेली, बँड वाजला, तरी ढिम्म. बरोबर चारला आई चहाचं पातेलं उतरवून दारात यायची आणि साध्या आवाजात म्हणायची, "आवो, उठा. चार वाजले." अण्णा त्याच क्षणी "हां, उठलो" म्हणून बसते व्हायचे. मी कितीही हलवलं तरी उठायचे नाहीत.

गेममध्ये मी तेच घातलं. राक्षसापुढे ढोल वाजवा, त्याच्यावर घागरभर पाणी ओता, कानात डास सोडा, तो उठत नाही. फक्त त्याच्या बायकोनं नाव घेऊन हाक मारली तरच उठतो. बायको रुसलेली असते. तिची हरवलेली नथ आणून दिली की ती हाक मारते. राक्षसाचं नाव मी गमतीनं अण्णांचंच ठेवलं होतं, विश्वंभर. अण्णांनी चित्र पाहिलं, नाव ऐकलं आणि पोटावर हात फिरवत म्हणाले, "बराबर हाय. मापात बसून राह्यलं."

राक्षसिणीचा आवाज आईनं द्यायचा, हे मी आधीच ठरवलं होतं. मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही रेकॉर्डिंग सुरू केलं. मधल्या खोलीत दोरी बांधून चारी बाजूंनी गोधड्या लटकवल्या, आत एक स्टूल आणि माइक. आईच्या बांगड्या वाजायच्या म्हणून दोन्ही हातांना रुमाल बांधायचे. पहिले दोन दिवस लाजली, मग अशी काही खुलली की मीच बघत राहिले. घसा फुगवून राक्षसिणीचा आवाज काढायची आणि मनानं वाक्यं घालायची. खेळणाऱ्यानं तिच्यावर पुन्हा पुन्हा टिचकी मारली तर काय म्हणशील, असं विचारलं तर म्हणाली, "कितींदा टोचतो रे? बोट हाय का दाभण?" ते तसंच ठेवलं. फुसकेबुवा दारात येतो तेव्हाचं, "कोन हाय ते? चिखलाचे पाय घेऊन आत येऊ नको," हेही तिचंच. एकूण एकशे चाळीस डायलॉग होते. एकशे सोळापर्यंत सगळं झकास झालं.

एकशे सतरावा होता — "अहो विश्वंभर, उठा!"

आई म्हणाली, "आवो, उठा."

मी म्हटलं, नाव राहिलं. ती म्हणाली, "हे न्हाई व्हायचं माह्याच्यानं."

आता हे मला आधी सुचायला हवं होतं. आईनं उभ्या आयुष्यात अण्णांचं नाव घेतलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, बँकेत कुणी विचारलं की माझ्याकडे बोट करायची — "सांग गं." देवळात भजनाला बसली आणि ओळीत विश्वंभर आला की तेवढ्या शब्दापुरती गप्प व्हायची, टाळ वाजवत राहायची आणि पुढच्या शब्दाला परत धरायची. देवाचं नाव आहे गं, असं बायका म्हणायच्या. ती म्हणायची, "असंल. पन घरात बी हाय ना."

मी समजावलं. म्हटलं, हा खेळ आहे, हा राक्षस आहे. ती म्हणाली, "मंग नाव बदल की त्याचं. भीमा ठेव." बदलता आलं असतं. दुसऱ्या पात्रांचे दहा-बारा डायलॉग परत घ्यावे लागले असते, एवढंच. पण मी हट्टाला पेटले. मला ते तिच्या तोंडून काढायचंच होतं. मी तिला विचारलं, काय होतं गं नाव घेतल्यानं? ती म्हणाली, "आयुष्य कमी होतं मानसाचं."

"अडाणीपणा आहे नुसता," मी म्हटलं. अजून बरंच बोलले. की तुझ्यासारख्या बायकांमुळंच सगळं अडलंय, की तुझा आवाजच काढून टाकते आणि दुसरीचा घेते. ती स्टुलावर बसून हाताचे रुमाल सोडत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "त्यांना उठवायला माहा आवाज बस हाय, वर्षे. नावाचं काय काम?" आणि गोधडी बाजूला करून भाकरी टाकायला निघून गेली.

पुढचे तेवीस डायलॉग तिनं दुसऱ्या दिवशी येऊन मुकाट्यानं दिले. एकशे सतराव्याच्या जागी मी दोन सेकंदांची रिकामी फाइल टाकली. पडद्यावर राक्षसिणीचे ओठ हलायचे, खाली अक्षरं उमटायची, आवाज नाही. तो नंतर बघू म्हटलं.

संक्रांतीच्या आधी, एका सकाळी तीळ भाजता भाजता आईच्या हातातून उलथनं पडलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून जालन्याला नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर होते, फार चांगला माणूस. तिला शुद्ध किती आहे ते बघायला त्यांनी विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?" तिनं सांगितलं. गाव सांगितलं. "मालकांचं नाव काय?"

त्यांनी परत विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर लिहायला लागले की पेशंटला नाव आठवत नाही. मी म्हटलं, "आठवतंय हो. ती घेत नाही." ते थांबले, हसले, म्हणाले बरं, आज वार कोणता? आई वाकड्या तोंडानं म्हणाली, "एकादस हाय आज." डॉक्टरांना ते मोबाइलवर बघावं लागलं. मग तिनं परत माझ्याकडे पाहिलं, तीच नजर, बँकेतली... सांग गं. मी म्हटलं, "विश्वंभर." तिनं डोळे मिटून मान हलवली.

संध्याकाळपर्यंत वाचा गेली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

सवाष्ण गेली म्हणून गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडायला आल्या. हिरवा चुडा भरला, ओटी भरली. एक जण म्हणाली, भाग्याची गं बाई. तेव्हा अण्णा शेडमधून ओरडले. "भाग्याची म्हनं! चला निघा!" त्यांना कुणी तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर अण्णांची झोप गेली.

दुपारची तर गेलीच, रात्रीचीही गेली. बाजेवर ताठ बसून राहायचे, भिंतीला पाठसुद्धा टेकायचे नाहीत. डुलकी आली की दचकून सरळ व्हायचे. मी म्हटलं, अण्णा, पडा ना जरा. तर म्हणाले, "पडलो आन् झोप लागली तर उठवायला कोन हाय?" मी आहे ना, म्हटलं. ते माझ्याकडे बघून हसल्यासारखं करायचे. लहानपणी मी त्यांना उठवायला जायचे आणि थकून परत यायचे, ते त्यांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या बाजेखाली सापडायच्या. बीपी वाढायला लागलं, पायांना सूज आली, एवढा मोठा माणूस कपड्यांच्या आत लहान दिसायला लागला. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, असंच जागत राहिले तर आईसारखाच झटका यांनाही येईल. चार महिने हेच चाललं होतं. लॅबमध्ये कागद उघडताना माझं लक्ष नसायचं. आई गेली, त्याचं तर होतंच. पण आता हेही जातील आणि मी एकटी राहीन, या भीतीनं मी आतून पोखरून निघाले होते. आणि गेम? त्याचा फोल्डर मी उघडलासुद्धा नव्हता. त्यात तिचा आवाज होता, आणि माझंही बोलणं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी जेवण झाल्यावर अण्णा एकदम म्हणाले, "तुह्या त्या खेळात तुही माय बोलती ना?"

म्हटलं, हो.

"लाव."

मी लॅपटॉप बाजेवर ठेवला, माउस कसा धरायचा ते दाखवलं. सरळ राक्षसिणीच्या घरापाशी नेलं. अण्णांनी तिच्यावर टिचकी मारली. "कोन हाय ते? चिखलाचे पाय घेऊन आत येऊ नको."

"न्हाई येत," अण्णा म्हणाले.

मी उठून स्वैपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

पुढे ते रोजचंच झालं. मी कामावरून यायचे तेव्हा लॅपटॉप गरम असायचा. अण्णांना कोडी सोडवण्यात रस नव्हता. म्हशीकडे नाही, राजाकडे नाही, ते फक्त राक्षसिणीसमोर उभे राहायचे आणि टिचक्या मारायचे. तिथली तिची तीस-पस्तीस वाक्यं फिरून फिरून यायची. सात-आठ वेळा झालं की, "कितींदा टोचतो रे? बोट हाय का दाभण?" त्याला ते दर वेळी हसायचे. पण झोप नाही ती नाहीच.

तीन आठवड्यांनी, असाच रविवार. बाहेर ऊन मी म्हणत होतं. जेवणं होऊन भांडी झाली होती. अण्णा म्हणाले, "हा खेळ पुढं सरकतो का न्हाई?"

म्हटलं, सरकतो. आधी राक्षसाला उठवावं लागतं.

"म्हंजे मला."

"हो."

"मंग उठव की. किती येळ झोपू देशीन त्याला?"

मी टाळत होते. मला ठाऊक होतं की तिथं आवाज नाही. ओठ हलणार आणि शांतता. म्हटलं, अण्णा, ते एक अर्धवट राहिलंय. त्यांनी ऐकलं नाही. मी सांगत गेले तसं त्यांनी पिशवीतली नथ काढली आणि राक्षसिणीला दिली. तिनं ती नाकात घातली. मग ती विहिरीच्या बाजूला वळली. मी घड्याळाकडे पाहिलं, कारण मला पडद्याकडे बघवेना. सव्वातीन वाजले होते.

"विश्वंभर..."

आईचा आवाज होता. घसा फुगवलेला राक्षसिणीचा नव्हे. साधा, दमलेला, दुपारी सगळं आवरल्यावर पदराला हात पुसत बोलायची तो. नावानंतर ती जरा थांबली. बांगड्या वाजल्या. मग म्हणाली, "निजा तुम्ही. मी उठवते."

खाली अक्षरं होती, "अहो विश्वंभर, उठा!" राक्षसिणीचे ओठ कधीच मिटले होते, आवाज त्यानंतर संपला. पडद्यावरचा राक्षस उठून जांभई देत बाजूला झाला, कारण मी त्याला तसं करायला शिकवलं होतं. आणि इकडे अण्णांनी माउस खाली ठेवला. चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी उशाशी ठेवली. भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी दहापर्यंत मोजलं नसेल, तोच घोरायला लागले.

मी लॅपटॉप ओढून घेतला. मागे नेला, नथ दिली, परत ऐकलं. शांतता. परत केलं. शांतता. कूलर बंद करून कान लावला. काही नाही.

आणि मग मला तिचं दुसरं वाक्य आठवलं. नाव घेतल्यानं आयुष्य कमी होतं मानसाचं.

बाजेजवळ खाली बसले आणि त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. श्वास येतोय, जातोय. उठवावं का? हात पुढे केला आणि मागे घेतला. चार महिन्यांनी झोपले होते. आणि ती म्हणाली होती की मी उठवते. मी, बीजपरीक्षण करणारी शिकलेली बाई, मेलेल्या आईच्या कामात हात घालायला घाबरत होते. तो पाऊण तास मी कसा काढला ते मलाच माहीत.

घड्याळात चार वाजले. घरात मी, अण्णा आणि टिकटिक. अण्णा घोरायचे थांबले. म्हणाले, "हां, उठलो." आणि उठून बसले.

चहा मी केला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली. म्हणाले, "तू हाक मारली का?"

"नाही."

"मंग बराबर." एक घोट घेतला. "ते ऐकलं का तू? नाव?"

"ऐकलं."

"चाळीस वर्सं जपलं तिनं. दवाखान्यात बी न्हाई घेतलं." बशी खाली ठेवली. "आता घेतलं. म्हंजे आता जपायचं काम न्हाई राह्यलं." हे त्यांनी दुःखानं नाही सांगितलं. गाडी किती वाजता आहे ते कळल्यावर माणूस निवांत होतो, तसे दिसत होते.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी करून पाहिलंय. एकशे सतरावी फाइल आजही दोन सेकंदांची आहे, उघडली की सरळ रेघ दिसते. मानसीकडे सगळ्या फाइलींची जुनी प्रत आहे, तिच्याकडेही सरळ रेघ. तिला खरं कारण सांगितलं नाही, नुसतं तपास म्हटलं. मग वाटलं, आईनं मी नसताना कधी बोलून ठेवलं असेल, ते कुठंतरी मिसळलं असेल. म्हणून कच्चं रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ते नाव कुठंही नाही. 'निजा' नाही. बांगड्या नाहीत, कारण रुमाल असायचे. त्या दिवसाच्या भांडणात मात्र माइक चालूच राहिला होता. माझा आवाज स्वच्छ आहे. 'अडाणीपणा' म्हणते ते, त्याच्या पुढचं सगळं. आणि शेवटी तिचं, "त्यांना उठवायला माहा आवाज बस हाय, वर्षे." ते मी परत ऐकू शकले नाही आणि पुसूही शकले नाही. आई, चुकलं माझं. हे मी तिला जिवंतपणी म्हणायला हवं होतं, आता इथं लिहिते आहे.

मी शोकात होते, भास झाला, असंही म्हणून पाहिलं. पण दोन माणसांना एकाच वेळी एकच वाक्य? लॅबमध्ये आमच्याकडे काही बिया अशा निघतात, की उगवत नाहीत आणि मेलेल्याही नसतात. त्यांना रजिस्टरमध्ये वेगळा रकाना असतो. त्यात टाकून आम्ही पुढच्या कामाला लागतो. हे मी तिथं टाकलंय. याहून जास्त मला कळत नाही.

गेम मी कुणाला खेळायला दिलेला नाही. मानसी विचारते, मी काहीतरी सांगते.

अण्णा आता रोज झोपतात. दुपारी दोन ते चार, पत्रा हलतो. पायांची सूज उतरली, बीपी ठीक आहे, डॉक्टर गोळ्यांना श्रेय देतात. चारला स्वतःच "हां, उठलो" म्हणतात, कुणीही हाक न मारता. खेळ परत लावायला सांगत नाहीत. मीच एकदा विचारलं तर म्हणाले, "सांगितलं ना तिनं एकदा. कितींदा टोचायचं?"

आणि मी? कामाच्या दिवशी चारला दोन मिनिटं कमी असताना लॅबमधून बाहेर गेटपाशी जाते आणि फोन हातात धरून उभी राहते. चार वाजून एक मिनिटानं लावते. अण्णा उचलतात, म्हणतात, "उठलो गं." मग आत येते. मैत्रिणींना वाटतं, कुणाशीतरी जमलंय माझं. वाटू दे. आई त्यांना रोज उठवते आहे, शब्द पाळते आहे. पण एक दिवस ती त्यांना इकडे न उठवता तिकडेच उठवून घेईल, चहा तिकडेच देईल... आणि मला त्या वेळी तिच्यावर रागवताही येणार नाही.

आज रविवार. हे लिहून होईपर्यंत आत अण्णा घोरत आहेत. पावणेचार झाले. चहाचं आधण ठेवते.